हेलडायव्हर्सला क्रिटिक्सनी मार्क दिले ते कशाचे, आणि त्यातले तुझ्या कामाचे किती

तू विचारलंस की पहिला हेलडायव्हर्स हा गेम पीसीवर सेलमध्ये एकदम स्वस्त झालाय, मेटाक्रिटिकवर (रिव्ह्यूंच्या मार्कांची सरासरी दाखवणारी साइट) आकडा मस्त हिरवा, म्हणजे चांगला, दिसतोय, पण रिव्ह्यू वाचायला बसलं की अर्धे म्हणतात जबरदस्त आणि अर्धे म्हणतात थोड्या वेळाने तेच तेच होतं, मग ऐकायचं कोणाचं, आणि तू बराचसा एकटाच खेळतोस तर घ्यावा की नाही. मी काही वर्षं गेमचे रिव्ह्यू लिहिलेत आणि आता टेस्टिंगमध्ये आहे, मल्टिप्लेअर गेमच्या तयार होत असलेल्या आवृत्त्याच (बिल्ड) रगडत असतो दिवसभर, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस.

आधी थेट सांगतो. आकडा खोटा नाहीये. फक्त तो आकडा चार जणांनी मिळून खेळलेल्या गेमचा आहे आणि तू विचारतोयस एकट्याने खेळायच्या गेमबद्दल, आणि हे दोन गेम एकाच डाउनलोडमध्ये येत असले तरी वेगळे आहेत. को-ऑप गेमचा, म्हणजे मिळून खेळायच्या गेमचा, रिव्ह्यू उघडला की स्कोअर शेवटी बघायचा, आधी हे शोधायचं की लिहिणारा खेळला कोणाबरोबर. मित्रांबरोबर माइक लावून, की अनोळखी लोकांबरोबर, की डेडलाइन डोक्यावर घेऊन एकटाच. हे एकदा कळलं की उरलेला रिव्ह्यू आपोआप समजतो, आणि जिथे हे कळतच नाही तो रिव्ह्यू माझ्या मते अर्धवट आहे, मग साइट कितीही मोठी असो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हेलडायव्हर्स हा स्टॉकहोमच्या अ‍ॅरोहेड गेम स्टुडिओजचा गेम, सोनीने पब्लिश केला, मार्च २०१५ मध्ये सोनीच्याच पीएस३, पीएस४ (प्लेस्टेशन) आणि हातात धरायच्या व्हिटावर आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पीसीवर. कॅमेरा वरून, चार जण, सुपर अर्थ नावाच्या 'लोकशाही'साठी किडे, सायबॉर्ग आणि इल्युमिनेट नावाचे परग्रही मारायचे, आणि ती लोकशाही म्हणजे काय चीज आहे ते गेम तोंड वाकडं न करता, अगदी सरकारी जाहिरातीच्या आवाजात सांगतो. हेच लोक आधी २०११ मध्ये मॅजिका घेऊन आले होते, त्यात पण आपल्याच माणसाला चुकून जाळणं हा रोजचा धंदा होता, तेव्हा ही सवय जुनी. पीएस४ व्हर्जनचा मेटाक्रिटिकचा आकडा ऐंशीच्या थोडा वर आहे, म्हणजे त्यांच्या भाषेत 'एकंदर अनुकूल'. वीस डॉलरच्या डाउनलोड गेमला हे भारीच होतं, त्या काळात टॉप-डाऊन, म्हणजे वरून दिसणारा, शूटर म्हटलं की लोक छोटा गेम, टाइमपास गेम असंच समजायचे.

आता कौतुक कशाचं झालं ते बघ. जवळजवळ प्रत्येकाने तीन गोष्टी धरल्या होत्या, फ्रेंडली फायर, स्ट्रॅटजेमचे कोड आणि सुटकेच्या शटलची वाट बघताना होणारी फाटाफाट. फ्रेंडली फायर बंदच करता येत नाही. तुझी गोळी मित्राला लागते, तू लावलेली सेंट्री, म्हणजे आपोआप चालणारी बंदूक, मित्राच्या आरपार गोळ्या झाडते, तू मित्राला परत बोलावलंस तर त्याचा पॉड, म्हणजे त्याला घेऊन येणारी कुपी, आकाशातून येऊन तिसऱ्याच मित्राच्या डोक्यावर पडतो आणि तो चपटा. स्ट्रॅटजेम म्हणजे वरून मागवायची मदत, दारूगोळा, तोफ, बॉम्ब वगैरे, आणि ती मागवायला डी-पॅडवर, म्हणजे कंट्रोलरच्या चार दिशांच्या बटणांवर, बाणांचा कोड मारावा लागतो, उदाहरणार्थ मेलेल्याला परत आणायला वर खाली उजवीकडे डावीकडे वर. शांत बसून मारायला पोरखेळ, पण तीन बाजूंनी किडे येतायत आणि कोणीतरी माइकवर ओरडतंय तेव्हा हात असा काही थरथरतो की पाच बाण मारायला जन्म गेल्यासारखा वाटतो. रिलोडचं पण तसंच, अर्धी मॅगझिन शिल्लक असताना सवयीने रिलोड केलंस तर ती अर्धी गेली, फुकट. बाकीच्या शूटरमधून लागलेल्या सगळ्या वाईट सवयींची हा गेम वसुली करतो.

हे सगळं रिव्ह्यूंमध्ये आलं, बरोबर आलं, पण एक गोष्ट मला फार कमी जणांनी नीट पकडलेली दिसली आणि माझ्या मते गेमचा जीव तिथेच आहे, ती म्हणजे हे सगळं चालतं कारण कॅमेरा वर आहे. विचार कर. फर्स्ट पर्सन, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या, गेममध्ये मागून गोळी लागली की कोणी मारली ते कळत नाही, मग संशय, मग शिव्या, मग किक, म्हणजे गेमबाहेर. इथे चौघं एकच चित्र बघतायत, गोळी कुठून आली, कोण कोणाच्या मध्ये घुसला, बॉम्ब कुठे पडायचा ती खूण (बीकन) कोणी कुठे फेकली, सगळं सगळ्यांना दिसतं, त्यामुळे गुन्हा लपत नाही आणि गुन्हा लपत नाही म्हणून त्याच्यावर हसता येतं. दुसरं असं की टॉप-डाऊनमध्ये सगळ्या गोळ्या जवळजवळ एकाच पातळीत उडतात. थ्रीडी शूटरमध्ये तू मित्राच्या खांद्यावरून, डोक्यावरून, पायऱ्यांवर चढून गोळी मारू शकतोस, इथे मित्र मध्ये आला की मध्ये आलाच. म्हणून हेलडायव्हर्समध्ये जमिनीवर आडवं पडायची सोय आहे, पुढचा आडवा पडतो आणि मागचा त्याच्या वरून गोळ्या झाडतो. ही एवढीशी गोष्ट, पण तिच्यामुळे चार अनोळखी माणसं काही वेळात न बोलता दोन रांगा करायला शिकतात. एखाद्या रिव्ह्यूमध्ये 'आडवं पडणं' हा शब्द दिसला की समज लिहिणारा खरंच वरच्या डिफिकल्टीवर गेला होता. खालच्या लेव्हलला त्याची गरजच पडत नाही, उभ्याउभ्या सगळं साफ होतं.

कॅमेऱ्यावरूनच मोठा वाद पण झाला. चौघांना एकाच स्क्रीनच्या चौकटीत राहावं लागतं, आणि हे फक्त एका सोफ्यावर बसून खेळताना नाही तर ऑनलाइन खेळताना पण, जिथे प्रत्येकाकडे स्वतःचा टीव्ही आहे. एक जण मागे राहिला की बाकीच्यांची वाट अडते. काही रिव्ह्यूंनी याला सरळ दोष म्हणून लिहिलं, कोणीतरी पळतो, कोणीतरी अडकतो, कॅमेरा ओढाताण करतो. काहींनी याचंच कौतुक केलं. ही तीन पायांची शर्यत आहे रे, ज्याच्याशी पाय बांधलाय तो ओळखीचा असला तर मजा आणि अनोळखी असला तर तोंडावर आपटणार, शर्यतीला दोष देऊन काय उपयोग. दोन्ही रिव्ह्यू खरे आहेत, दोघांनी वेगवेगळ्या माणसांबरोबर खेळून लिहिलंय एवढंच. माझं मत विचारशील तर शेअर्ड कॅमेरा नसता तर गेम मेला असता, कारण मग चौघं चार दिशांना गेले असते आणि फ्रेंडली फायरला फ्रेंडच उरला नसता. पण हे मत मी माइकवर ओळखीची माणसं असताना बनवलंय हे पण तू लक्षात घे.

आता 'तेच तेच होतं' ही तक्रार. ही सगळ्यात जास्त वेळा आलेली तक्रार आणि ती खोटी नाही. मिशनचे प्रकार मोजकेच आहेत, इथे मिसाइल सोड, ही जागा राखून ठेव, ती वस्तू पोचव, आणि नकाशे कॉम्प्युटरच आपले आपण बनवतो त्यामुळे कुठली जागा लक्षात राहत नाही. गोष्ट अशी काही नाही. कथा हवी असणाऱ्याला हा गेम कोरडा वाटणारच.

पण ही तक्रार तयार कशी होते ते आतून सांगतो. रिव्ह्यूअरला गेम उतरवायचा कोड मिळतो रिलीजच्या काही दिवस आधी, तेव्हा सर्व्हरवर असतात कोण, बाकीचे रिव्ह्यूअर आणि पब्लिशरची माणसं. मॅचमेकिंगला, म्हणजे गेमने आपोआप जोडीदार शोधायला, माणूस मिळाला तर मिळाला. कधी पब्लिशर वेळ ठरवून सेशन लावतो, त्यात डेव्हलपर स्वतः तुझ्याबरोबर खेळतो आणि सगळं लोण्यासारखं चालतं, कारण त्याला गेम पाठ असतो. बाकीचा वेळ तू एकटा. त्यात एम्बार्गो उठण्याच्या दिवशी, म्हणजे रिव्ह्यू छापायची परवानगी मिळते त्या दिवशी, लेख लागायलाच हवा, नाहीतर क्लिक दुसऱ्याकडे जातात. म्हणजे जो गेम लोक पुढे कित्येक महिने शुक्रवारी रात्री तासदीड तास खेळणार आहेत तो तू चार दिवसांत सलग गिळतोस. लागोपाठ खाल्लं की काहीही तेच तेच लागतं. वर अजून एक, खालच्या लेव्हलवरून वर चढायला वेळ लागतो, आणि हेलडायव्हर्समध्ये खालची लेव्हल खरंच सपक आहे. मिशन तेच असलं तरी वर गेल्यावर पेट्रोलिंग करणारा एक किडा तुम्हाला बघून बाकीच्यांना बोलवायच्या आत मारायचा असतो, आणि तो सुटला की पुढचा सगळा प्लॅन गंगेला मिळतो. तिथे मिशनचं नाव काय आहे हे कोणाला आठवतसुद्धा नाही. वेळेअभावी जो खालच्या मजल्यावरच राहिला त्याने 'रिपिटिटिव्ह' लिहिलं तर त्याची चूक म्हणणार नाही मी, त्याला दिसलं ते त्याने लिहिलं. हल्ली बऱ्याच साइट आधी 'रिव्ह्यू चालू आहे' असं टाकतात आणि आकडा नंतर देतात, ते बरं आहे.

दुसरी गोष्ट जी लाँचच्या रिव्ह्यूत येऊच शकत नव्हती ती म्हणजे गॅलॅक्टिक वॉर. जगभरातल्या सगळ्यांचे मिशन मिळून एक नकाशा पुढे-मागे सरकतो, तीन शत्रू, प्रत्येकाची आघाडी वेगळी, हल्ला सुपर अर्थपर्यंत आला आणि हरलात की युद्ध संपलं, पुन्हा पहिल्यापासून. हे कागदावर सगळ्यांनी वर्णन केलं, काहींनी 'छान कल्पना' म्हटलं आणि पुढे गेले, दुसरं करणार काय, पहिल्या आठवड्यात युद्ध कुठे संपतंय. पण ज्यांनी गेम धरून ठेवला त्यांना विचार, ते मिशनचं नाव सांगत नाहीत, अमुक युद्धात सुपर अर्थ कसं पडलं ते सांगतात. रिव्ह्यू लिहायच्या वेळी जे घडलेलंच नाही त्याचे मार्क कसे देणार. नंतर फुकट अपडेट पण बरेच आले, लाँचच्या स्कोअरमध्ये त्यातलं काहीच नाही, आणि मेटाक्रिटिकवर साइटचा पहिला स्कोअर हाच कायमचा धरतात.

व्हर्जनचं पण बघ. पीएस३, पीएस४, व्हिटा तिन्ही एकमेकांशी खेळू शकत होते आणि एकदाच विकत घेऊन तिन्हीवर मिळत होता, याचं कौतुक बऱ्याच जणांनी केलं आणि ते योग्यच होतं. पण व्हिटाच्या छोट्या स्क्रीनवर चार माणसं आणि पन्नास किडे वरून बघणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. लोक मात्र आकडा सांगताना पीएस४चाच सांगतात. तू पीसीवर घेतोयस, तुझ्यासाठी पीसी व्हर्जनचे वेगळे रिव्ह्यू वाच, संख्येने कमी आहेत पण तुझ्या कामाचे तेच.

आता हे फक्त हेलडायव्हर्सचं नाही हे दाखवायला मागे जातो. जुलै २०१० मध्ये व्हॅल्व्ह या अमेरिकी गेम कंपनीने अ‍ॅलियन स्वॉर्म हा गेम स्टीम या आपल्याच ऑनलाइन गेमच्या दुकानावर चक्क फुकट टाकला. मुळात हा २००४ चा, अनरिअल टूर्नामेंट २००४ या गेमचा मॉड, म्हणजे चाहत्यांनी त्यावर केलेला बदल, बनवणारी ऑस्ट्रेलियन पोरं, व्हॅल्व्हने त्यांना नोकरीवर घेतलं आणि आपल्या सोर्स इंजिनवर (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) गेम नव्याने झाला. चार खेळाडू, ऑफिसर, स्पेशल वेपन्स, मेडिक, टेक असे क्लास, दरवाजे हॅक करायला टेक लागतोच, फ्रेंडली फायर आहेच. मेटाक्रिटिकवर ७७. आणि तिथे हिरव्याची रेघ ७५ वर आहे, म्हणजे दोन-तीन साइटनी हात आखडता घेतला असता तर तोच गेम पिवळा झाला असता आणि आज कोणी त्याला वेगळ्याच नजरेने बघितलं असतं.

७७ का? वाचलंस तर बहुतेकांचा सूर एकच, खेळायला टकाटक, पण एकच कॅम्पेन, म्हणजे मिशनची एकच माळ, काही तासांत संपतं, पण फुकट आहे मग तक्रार कसली. या वाक्यातली गंमत बघ, किंमत शून्य म्हणून सूट पण दिली आणि माल कमी म्हणून मार्क पण कापले. ज्याची किंमतच नाही त्याचं वजन करायचं कसं हे तेव्हा कोणालाच ठरवता आलं नव्हतं, फ्री टू प्ले नंतर इतकं बोकाळलं की आता तो प्रश्नच पडत नाही. आणि खरा माल तर खोक्यात नव्हताच. व्हॅल्व्हने गेमबरोबर एसडीके, म्हणजे गेममध्ये भर घालायची साधनं, दिलं होतं, गेमचा कोड पण दिला होता, लोकांनी मॅप बनवावेत म्हणून. त्याला फळ यायला वेळ लागला, २०१७ मध्ये अ‍ॅलियन स्वॉर्म रिअ‍ॅक्टिव्ह ड्रॉप म्हणून चाहत्यांनी बनवलेली वेगळी आवृत्ती स्टीमवर आली, ती पण फुकट, भरपूर कॅम्पेन, चारपेक्षा जास्त खेळाडू, लोकांनी बनवलेले मॅप मिळायची जागा (वर्कशॉप). २०१० चा कुठलाही क्रिटिक हे बघू शकत नव्हता. पण 'एसडीके दिलंय, बघू पुढे काय होतं' असं एक वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांचा रिव्ह्यू आज पण वाचवतो, बाकीचे शिळे झाले.

उलटं उदाहरण द असेंटचं. स्वीडनच्याच उप्सालातल्या निऑन जायंट नावाच्या डझनभर माणसांच्या टीमने केलेला, जुलै २०२१ मध्ये एक्सबॉक्स आणि पीसीवर, पुढच्या वर्षी प्लेस्टेशनवर. सायबरपंक शहर, वरून कॅमेरा, चार जणांपर्यंत को-ऑप. याचे रिव्ह्यू सत्तरीच्या घरात घुटमळले आणि ते वाचताना मला एक गोष्ट खटकत राहते, सगळ्यांनी शहराचं वर्णन केलं, निऑन, पाऊस, गर्दी, खाली दिसणारे मजल्यावर मजले, आणि ते वर्णन खरंच रास्त आहे, इतक्या छोट्या टीमने काय दिसायला केलंय ते. मग बग, मग लांबच लांब चालणं, मग कुठे जायचं ते नीट न कळणं. आणि को-ऑपला शेवटी एक पॅरेग्राफ, कधी तेवढा पण नाही. कारण उघड आहे, हा गेम एकट्याने नीट खेळता येतो, लेव्हल वाढव, बंदूक वाढव असा त्याचा पिंडच आहे, म्हणून बहुतेक जण एकटेच खेळले आणि एकट्याला जे दिसतं तेच त्यांनी लिहिलं. त्यात पुन्हा पीसीवर गेम पासमधल्या (मायक्रोसॉफ्टची वर्गणीची सेवा) व्हर्जनमध्ये सुरुवातीला डीएलएसएस (गेम वेगाने चालवणारं ग्राफिक्स कार्डचं तंत्र) नव्हतं आणि स्टीमच्या व्हर्जनमध्ये होतं, म्हणजे एकाच गेमबद्दल दोघांनी पीसीवर खेळून वेगवेगळं लिहिलं तरी दोघं खरे. तू जर सोलो माणूस आहेस तर या गेमचे रिव्ह्यू तुझ्यासाठी हेलडायव्हर्सच्या रिव्ह्यूंपेक्षा जास्त विश्वासाचे आहेत, आकडा कमी असला तरी. हे लोकांना पटत नाही, ८३ आणि ७३ ठेवले की ८३ उचलतात.

तिसरा मुद्दा युजर रिव्ह्यूंचा, कारण तू लिहिलंयस की स्टीमवरचे बघूनच ठरवतो. स्टीमचा टक्का क्रिटिकच्या आकड्यासारखा वाचू नकोस. तो 'किती चांगला' सांगत नाही, 'किती जणांनी अंगठा वर केला' एवढंच सांगतो, आणि अंगठा कशासाठी वर-खाली होतो त्याला गेमशी संबंध असेलच असं नाही. हेलडायव्हर्स २ चं प्रकरण बघ. फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, कॅमेरा वरून खाली आणून खांद्याच्या मागे लावला, क्रिटिक्सनी दिलेला आकडा पहिल्याच्या जवळपासच, पण विक्री कुठल्या कुठे, पहिल्या बारा आठवड्यांत एक कोटी वीस लाख प्रती. मे महिन्यात सोनीने जाहीर केलं की स्टीमवाल्यांना पण पीएसएन, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कचं, अकाउंट जोडावंच लागेल, तर काही दिवसांत दोन लाखांच्या वर निगेटिव्ह रिव्ह्यू पडले आणि सोनीने माघार घेतली. पीएसएन जिथे चालतच नाही अशा देशांत गेमची विक्रीच बंद झाली होती, भारतात पीएसएन आहे म्हणून आपल्याला त्याची झळ तशी लागली नाही, पण अंगठे खाली करण्यात आपली पोरं मागे नव्हती. राग रास्त होता हे मी मानतो. पण त्या दोन लाखांत बंदूक कशी वाटते, नकाशे कसे आहेत, रात्री साडेअकराला मॅच मिळते का, यातलं एक अक्षर नाही. तो आंदोलनाचा आकडा आहे, तो आंदोलन म्हणूनच वाचायचा.

दुसऱ्या भागामुळे पहिल्याकडे लोक परत वळले आणि त्याच्यावर नवे युजर रिव्ह्यू पडले, ते वाचताना एक सावधगिरी. त्यातले बरेच जण दुसरा खेळून आलेत आणि ते पहिल्याला दुसऱ्याच्या मापाने मोजतात, 'कॅमेरा वर का आहे', 'माझा कॅमेरा मला फिरवता का येत नाही' वगैरे. अरे, तोच तर गेम आहे. उलट जुने लोक पहिल्याला देव्हाऱ्यात बसवून दुसऱ्याला नावं ठेवतात, ते पण जाऊ दे. दुसऱ्यात कॅमेरा खाली आल्यावर अपघात जास्त भव्य झाले पण कोणाची चूक ते दिसेनासं झालं, त्यामुळे रॅन्डम लोकांबरोबर भांडणं वाढली असं माझं निरीक्षण आहे, आणि हे मला कुठल्याही मोठ्या रिव्ह्यूत सापडलं नाही.

आपल्याकडच्या खेळाडूसाठी अजून एक भर, जी परदेशी क्रिटिक लिहिणारच नाही कारण त्याला गरज नाही. फ्रेंडली फायरच्या गेममध्ये पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, हा फक्त सोयीचा प्रश्न नसतो. होस्ट, म्हणजे ज्याच्या मशीनवर गेम चालतो तो, युरोपात बसलाय आणि तू नाशिकहून खेळतोयस, तुझ्या स्क्रीनवर मित्र बाजूला सरकलाय पण त्याच्याकडे अजून मध्येच उभा आहे, तू ट्रिगर दाबलास की तो आडवा. साध्या को-ऑपमध्ये लॅग म्हणजे एखादा शत्रू सुटतो, इथे लॅग म्हणजे खून. 'कनेक्शन कधी कधी खराब' असं रिव्ह्यूत एका ओळीत येतं ना, ती ओळ आपण तिप्पट मोठ्या अक्षरात वाचायची. म्हणून जमेल तितकं जवळच्या माणसाला होस्ट करायला सांग, एकाच शहरातले असाल तर उत्तम, आणि कंट्रोलर असतील तर सरळ एकाच टीव्हीवर खेळा, हा गेम त्यासाठीच बनलाय आणि तिथे पिंगची कटकटच नाही.

तर तुझ्यासाठी काय. एकटा खेळणार असशील तर हेलडायव्हर्स चालतो, बंद पडत नाही, खालच्या आणि मधल्या लेव्हल निघतात, पण तू मेलास की रीइन्फोर्सचा, म्हणजे परत आणायचा, कोड मारणारा कोणी नसतो आणि पॉड कोणाच्या डोक्यावर पडत नाही, म्हणजे ज्या गोष्टींना क्रिटिक्सनी मार्क दिले त्यातल्या बऱ्याचशा तुझ्या वाट्याला येतच नाहीत. उरतात ती तीच ती मिशन. म्हणजे 'तेच तेच होतं' म्हणणारा जो रिव्ह्यूअर आहे तो तुझा माणूस, त्याचं ऐक. आठवड्यातून एक रात्र का होईना, दोन ओळखीची माणसं बसणार असतील तर 'जबरदस्त' वाल्याचं ऐक आणि सेल संपायच्या आत घेऊन टाक, दोघं पुरतात, चौघंच हवेत असं नाही, उलट दोघांत कॅमेऱ्याची ओढाताण कमी होते.

आणि माणसं जमतील का याचीच खात्री नसेल तर आधी रिअ‍ॅक्टिव्ह ड्रॉप उतरव, फुकट आहे, बॉट, म्हणजे कॉम्प्युटर खेळवतो ते साथीदार, घेऊन एकट्याने पण चालतो, आणि मित्रांना खर्चात पाडायच्या आधी ते टॉप-डाऊन आणि फ्रेंडली फायरला टिकतात का ते कळेल. पहिल्याच मिशनला तुझ्या टेकला तुमच्यापैकीच कोणीतरी भाजून काढेल आणि दरवाजा उघडायला कोणी उरणार नाही, तेव्हा माइकवर हसू आलं तर हेलडायव्हर्स घ्या, कोणी कॉल कट केला तर तू द असेंट घे.